साक्ष, पुरावा आणि जॉन वुडन

मागच्या वेळी सर्व्हायव्हरशिप बायसवर लिहिलं होतं. युद्धातून परत आलेल्या विमानांचं उदाहरण दिलं आणि बऱ्याच जणांनी कळवलं की "समजलं, सोपं आहे." सोपं आहेच, कारण विमानांवर आपलं प्रेम नसतं. आज हाच प्रश्न मी अशा जागी नेणार आहे जिथे मला स्वतःला तो विचारायला जड जातं. विषय आहे बास्केटबॉलचे प्रशिक्षक, आणि त्यांच्याबद्दल आपण ख्रिस्ती चाहते ज्या पद्धतीने लिहितो ती पद्धत.

आधी माझी बाजू सांगते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही हिशेब ठेवाल. माझं घर अहमदनगरचं, चर्चचं वातावरण लहानपणापासून. आवारातच मुरमाचं कोर्ट होतं, एका रिंगला जाळी आणि दुसरीला नाही. दहावीनंतर बाबांनी मला जॉन वुडन यांचं 'दे कॉल मी कोच' हे आत्मकथन दिलं. १९७२ चं पुस्तक, जॅक टोबिन या पत्रकाराने शब्दांकन केलेलं. ते मी इतकं वाचलं की पुठ्ठा सुटला. गेल्या वर्षी आमचे स्वतःचे कोच सर गेले. मंडळीने स्मरणिका काढायचं ठरवलं आणि मला लेख मागितला. मी एका रात्रीत दोन पानं लिहून दिली. पाळकसाहेबांनी ती व्यासपीठावरून वाचली, लोक रडले.

पुढे काही महिन्यांनी वुडन यांचं पुस्तक सहज हातात घेतलं आणि चपापले. माझी दोन पानं अगदी त्याच साच्यातली होती. शिस्त, प्रार्थना, मोज्यांची गोष्ट, विजय, नम्रता, स्वर्गवास. फक्त नावं बदललेली.

हा साचा आपल्याकडे चांगला ओळखीचा आहे. चर्चमध्ये आपण त्याला 'साक्ष' म्हणतो. माणूस उभा राहतो, पूर्वी मी असा होतो, मग देवाने हे केलं, आता मी असा आहे असं सांगतो आणि सगळे आमेन म्हणतात. साक्ष खोटी नसते. पण ती उपकाराची फेड म्हणून दिलेली असते, तपासणीसाठी नाही. गंमत म्हणजे मराठीत कोर्टातल्या जबानीलाही साक्षच म्हणतात, आणि तिथे मात्र उलटतपासणी होते. एकाच शब्दाच्या या दोन घरांत माझी गल्लत झाली होती.

वुडन कोण, ते थोडक्यात. जन्म १९१० चा, इंडियाना राज्यातल्या शेतकरी घरातला. शाळेत शिकवता शिकवता कोच झाले. १९४८ ते १९७५ लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात. अमेरिकेच्या कॉलेज बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा त्यांच्या संघांनी १२ वर्षांत १० वेळा जिंकली, मधे सलग ८८ सामने हरले नाहीत. चर्चमध्ये डीकन होते. पत्नी नेल १९८५ मध्ये गेल्यावर दर महिन्याच्या २१ तारखेला तिला पत्र लिहून उशीवर ठेवत. २०१० मध्ये, वयाच्या ९९ व्या वर्षी गेले. हंगामाच्या पहिल्या दिवशी ते मोठ्या मोठ्या खेळाडूंना मोजे कसे घालायचे ते शिकवत, सुरकुती राहिली की फोड येतो म्हणून. आमच्या सरांनी ही गोष्ट उचलली होती हे मला फार नंतर कळलं.

आता साच्यातली पहिली फट. यश म्हणजे काय याची वुडन यांची स्वतःची व्याख्या अशी होती की, आपल्याला जितकं चांगलं होता येणं शक्य होतं तितके होण्यासाठी आपण पूर्ण जोर लावला, हे ठाऊक असल्याचं मनाचं समाधान. त्यात धावफलक कुठेच नाही. १९३४ पासून १४ वर्षं खपून त्यांनी 'यशाचा पिरॅमिड' मांडला तो याच व्याख्येवर. पण त्यांच्याबद्दलचा कुठलाही गौरवलेख उघडा, पहिल्या परिच्छेदात १० विजेतेपदं असतातच. (मीही आत्ता तेच केलं.) म्हणजे ज्याची व्याख्या आपण डोक्यावर घेतो, त्याला मोजायला मात्र ज्या पट्टीला तो नको म्हणत होता तीच वापरतो.

एक विचारप्रयोग करून बघा. समजा १९६३ च्या उन्हाळ्यात वुडन यूसीएलए सोडून गेले असते. तोवर त्यांना तिथे १५ हंगाम झाले होते. पिरॅमिड पूर्ण होता, मोजे होते, प्रार्थना होती. राष्ट्रीय विजेतेपदं? शून्य. त्याच माणसावर मग किती पुस्तकं निघाली असती?

१९६३-६४ मध्ये बदललं काय, तर जेरी नॉर्मन या त्यांच्या सहायकाने आग्रह धरून पूर्ण कोर्टभर दबाव टाकणारा झोन बचाव आणायला लावला, आणि तो चालवायला वॉल्ट हॅझर्ड, गेल गुडरिच यांच्यासारखे चपळ खेळाडू होते. संघ ३०-० गेला. मग १९६५ मध्ये न्यूयॉर्कहून लू अल्सिंडर हा सात फुटांहून उंच मुलगा आला, जो पुढे करीम अब्दुल-जब्बार झाला. तो मुख्य संघात खेळला त्या तीन हंगामांत यूसीएलए ९० पैकी फक्त २ सामने हरली. चारित्र्य तेच, निकाल वेगळे. ज्या गोष्टी १५ वर्षं स्थिर होत्या त्यांना अचानक आलेल्या बदलाचं कारण म्हणता येत नाही. फार तर इतकं म्हणता येईल की त्या नसत्या तर बदलाचा फायदा घेता आला नसता, आणि हे विधान वेगळं आहे. संशोधन प्रस्ताव लिहिताना हा फरक कृपया लक्षात ठेवा. पेटच्या मुलाखतीत यावरच घसरलेली दोन माणसं मी डोळ्यांनी पाहिली आहेत, त्यातली एक मी.

दुसरी फट जास्त दुखरी. सॅम गिल्बर्ट नावाचा एक धनिक चाहता वुडन यांच्याच काळापासून यूसीएलएच्या खेळाडूंच्या अवतीभवती असायचा, त्यांच्यावर खर्च करायचा. १९८१ मध्ये कॉलेज क्रीडा संघटनेने, म्हणजे एनसीएएने, विद्यापीठावर कारवाई केली आणि गिल्बर्टशी संबंध तोडायला सांगितलं. ती कारवाई नंतरच्या हंगामांसाठी होती, वुडन यांना कधीच दोषी धरलं गेलं नाही. पण भाविक गौरवलेखांत हा माणूस बहुतेक वेळा सापडतच नाही. त्यांना किती ठाऊक होतं, हा प्रश्न विचारल्याने वुडन लहान होत नाहीत. न विचारल्याने लेख लहान होतो.

आता माझ्या आवडीचा भाग. १९७४-७५ च्या हंगामात, जो वुडन यांचा शेवटचा ठरला, रोलंड थार्प आणि रोनाल्ड गॅलिमोर हे दोन मानसशास्त्रज्ञ त्यांच्या सरावाला जाऊन बसले. हवाईमध्ये मूळच्या हवाईयन मुलांसाठी वाचन शिकवण्याचा एक प्रकल्प ते चालवत होते आणि उत्तम शिक्षक नेमकं करतो काय, हे त्यांना बघायचं होतं. त्यांनी मुलाखत घेऊन 'आपलं तत्त्वज्ञान सांगा' असं विचारलं नाही. गॅलरीत बसून, वुडन यांची प्रत्येक सुटी कृती एका ठरावीक रकान्यात टाकत गेले. १५ सराव, २३२६ कृती. निबंध १९७६ मध्ये 'सायकॉलॉजी टुडे'त आला.

मी पीएच.डी.त सातभाई पक्ष्यांच्या थव्यांवर काम करते. माझे दिवस असेच जातात, दुर्बीण, वही, रकाने. म्हणून हा निबंध पहिल्यांदा वाचला तेव्हा घरच्यासारखं वाटलं. आपल्या आवडत्या माणसाकडे कुणीतरी पाखराकडे बघावं तसं बघितलं होतं, चांगल्या अर्थाने.

निघालं काय? निम्म्याहून किंचित जास्त कृती, ५०.३ टक्के, निव्वळ सूचना: काय करायचं, कसं करायचं. १२.७ टक्के 'चला, पळा, जोर लावा' छापाच्या. स्तुती ६.९ टक्के. रागावणं ६.६ टक्के. आणि ८ टक्के अशा कृती ज्यात रागावणं आणि लगेच योग्य पद्धत पुन्हा सांगणं एकाच दमात येत होतं. वर्गखोल्यांसाठी बनवलेल्या नेहमीच्या रकान्यांत हे बसेना, म्हणून त्यांना नवा रकाना काढावा लागला. करून दाखवायची पद्धतही ठरलेली होती: आधी बरोबर, मग तू केलंस तसं चूक, मग पुन्हा बरोबर. सगळं काही सेकंदांत, आणि खेळ पुढे चालू.

साच्यातला वुडन आठवा. शांत, वत्सल, आजोबांसारखा, जीवनमूल्यांवर बोलणारा. कोर्टवरचा वुडन मात्र पायाचा कोन, पासची उंची, कुठे वळायचं, यावर बोलतोय. प्रवचन जवळजवळ नाहीच. स्तुती इतकी कमी की त्या काळच्या 'मुलांना शाबासकी देत राहा' या सल्ल्याला ती सरळ छेद देत होती. मला विचाराल तर वुडन यांच्यावर लिहिला गेलेला सगळ्यात मोठा गौरव हा आकड्यांचा तक्ता आहे. त्यात एकही विशेषण नाही, आणि तो वाचून मी पहिल्यांदा त्यांच्याकडून काहीतरी शिकले. त्यानंतर विभागातल्या एमएस्सीच्या मुलांना पिपेट धरायला शिकवताना मी 'छान, छान' कमी केलं आणि 'अंगठा सावकाश सोड' जास्त.

पण हुरळून जाऊ नका. या निबंधाचा नमुना एका माणसाचा आहे, आणि तो निवडलाच होता तो आधीची ९ विजेतेपदं बघून. बघणाऱ्यांना तो कोण आहे हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून 'असं शिकवल्याने संघ जिंकतो' हे या तक्त्यातून निघत नाही. निघतं ते एवढंच की, जिंकणारा एक माणूस असं शिकवत होता.

१९९९ मध्ये गॉर्डन ब्लूम आणि सहकाऱ्यांनी याच धर्तीचं निरीक्षण जेरी टारकेनियन यांच्यावर केलं. टारकेनियन म्हणजे प्रतिमेच्या बाबतीत वुडन यांचं दुसरं टोक. सामनाभर ओला टॉवेल चावत बसणारा, एनसीएएशी आयुष्यभर भांडलेला, कोर्टकचेऱ्या केलेला माणूस. भाविक चाहत्यांच्या यादीत हे नाव सापडणार नाही. पण सरावातल्या कृती मोजल्या तर तिथेही सूचना देणंच सगळ्यात वर. म्हणजे कोर्टवरची शिकवण्याची रीत आणि माणसाचं भक्तीजीवन या दोन गोष्टी सुट्या असू शकतात. (दोघेही जिंकणारेच होते, हेही विसरू नका. हरणारे प्रशिक्षक या दोन्ही निबंधांत नाहीत.)

मग श्रद्धेचं काय? हा प्रश्न मला टाळायचा नाही, कारण माझ्यासारख्या वाचकाला खरं तर तोच सोडवायचा असतो. बास्केटबॉल हा खेळच मुळी १८९१ मध्ये स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथ या धर्मशास्त्राच्या पदवीधराने तयार केला. आपल्याकडेही तो वायएमसीए आणि मिशनच्या आवारांतूनच पसरला, मुंबईच्या नागपाड्यापर्यंत. पण श्रद्धा धावफलकात शोधणं चूक आहे असं मला वाटू लागलंय. शोधायची तर जिथे तिची किंमत मोजावी लागली तिथे शोधावी.

१९४७ मध्ये वुडन इंडियाना स्टेटमध्ये होते. संघाला कॅन्सस सिटीच्या राष्ट्रीय स्पर्धेचं आमंत्रण आलं. तिथे काळ्या खेळाडूंना बंदी होती आणि संघात क्लॅरेन्स वॉकर होता, मुख्य पाचांतला नव्हे, राखीव. वुडन यांनी आमंत्रण नाकारलं. पुढच्या वर्षी बंदी उठली आणि वॉकर खेळला. गौरवलेख इथे थांबतात आणि बंदी वुडन यांनी उठवली असं सुचवतात. प्रत्यक्षात मॅनहॅटन कॉलेजसारख्यांनीही माघार घेण्याचा इशारा दिला होता, दबाव अनेक बाजूंनी होता. तरी १९४७ चा नकार त्यांचाच राहतो. त्यात त्यांना काही मिळणार नव्हतं.

नॉर्थ कॅरोलायनाचे डीन स्मिथ यांचंही तसंच. ८७९ सामने जिंकले, गणिताचे पदवीधर, एकूण गुण मोजण्यापेक्षा चेंडू ताब्यात आल्यावर दर वेळी किती गुण निघतात हे मोजा, असं म्हणणारे सुरुवातीचे प्रशिक्षक. (वेगाने खेळणारा संघ जास्त गुण करणारच, म्हणून दर काढा. आकडेवारीच्या पेपरला हे उदाहरण खुशाल वापरा.) १९५० च्या दशकाच्या अखेरीस ते नुसते सहायक असताना, आपल्या बॅप्टिस्ट चर्चचे पाळक आणि एक काळा धर्मशास्त्राचा विद्यार्थी यांच्यासोबत चॅपेल हिलमधल्या फक्त गोऱ्यांसाठीच्या एका रेस्टॉरंटमध्ये जाऊन बसले आणि जेवले. पुढे १९६६ मध्ये चार्ली स्कॉटला त्यांनी विद्यापीठात आणलं. रेस्टॉरंटची गोष्ट पाळकांनी पत्रकाराला सांगितली हे कळल्यावर स्मिथ नाराज झाले होते. बघा, ही साक्ष दुसऱ्याने दिलेली आहे, आणि ज्याच्याबद्दल दिली त्याला ती नको होती. अशा साक्षीचं वजन मी जास्त धरते.

म्हणून इथे श्रद्धा हे कारण सिद्ध झालं का? नाही. त्याच दक्षिणेत दर रविवारी चर्चला जाणारे पुष्कळ प्रशिक्षक होते, आणि साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये १९६७ च्या अखेरीपर्यंत मुख्य बास्केटबॉल संघात एकही काळा खेळाडू उतरला नव्हता. तेही तेच पवित्र शास्त्र वाचत होते. शिवाय स्मिथ यांच्या वडिलांनी १९३० च्या दशकातच कॅन्ससमधल्या आपल्या शाळेच्या संघात काळा मुलगा घेतला होता. म्हणजे घरचा धडा की चर्चचा, हे सुटं करता येत नाही. मला हे लिहिताना वाईट वाटतं, पण तसंच आहे.

थार्प आणि गॅलिमोर यांच्याकडे पुन्हा येते, कारण त्यांनी एक दुर्मीळ गोष्ट केली. जवळजवळ तीस वर्षांनी, २००४ मध्ये, त्यांनी स्वतःच्याच निबंधावर निबंध लिहिला. वुडन यांच्याशी बोलले, जुन्या खेळाडूंचं ऐकलं, आणि कबूल केलं की आम्ही सराव पाहिला पण त्यामागची तयारी पाहिलीच नाही. वुडन रोज सहायकांसोबत बसून मिनिटामिनिटाचा आराखडा करत, तो छोट्या कार्डांवर लिहून आणत, आणि वर्षानुवर्षांच्या नोंदी जपून ठेवत. कोर्टवरच्या त्या तीन सेकंदांच्या सूचनेमागे सकाळचे तास होते. गॅलरीतून ते दिसणं शक्य नव्हतं.

मला मात्र अजून एक रकाना हवा होता. कृती कोणाला उद्देशून? सातभाईंच्या वहीत मी नेहमी दोन रकाने ठेवते, करणारा कोण आणि ज्याच्याशी केलं तो कोण. १९७६ च्या तक्त्यात सगळा संघ एकत्र आहे. वुडन पुढे सांगायचे की बाकावरच्या खेळाडूंच्या वाट्याला स्तुती जास्त यावी असा त्यांचा प्रयत्न असे. खरं असेल. पण ६.९ टक्क्यांमधून ते दिसत नाही. स्वेन नेटर हा बिल वॉल्टनमागचा राखीव खेळाडू पुढे गॅलिमोर यांच्याबरोबर वुडन यांच्या शिकवण्यावर पुस्तक लिहितो, करीम २०१७ मध्ये पन्नास वर्षांच्या मैत्रीवर लिहितो, तेही इस्लाम स्वीकारलेल्या माणसाने एका ख्रिस्ती डीकनवर लिहिलेलं, म्हणून मला ते भाविकांच्या लेखांपेक्षा जवळचं वाटतं. पण दोघेही पुढे व्यावसायिक खेळले. बाकावर बसून मुकाट घरी गेलेल्यांची पुस्तकं कुणी छापत नाही.

इथे मी माझ्या दोन पानांकडे परत आले. आमच्या बॅचला सुरुवातीला १४ मुली होत्या. दोन वर्षांनी ५ उरलो. लेखासाठी मी त्या पाचांपैकी तिघींना फोन केला होता. उरलेल्या ९ जणी माझ्या डोक्यातही आल्या नव्हत्या, आणि मी बायसवर व्याख्यानं देते!

मग त्यातल्या एकीचा नंबर शोधला. ती आता पुण्यात बँकेत आहे. लेख तिने वाचला होता. म्हणाली, "चांगला लिहिलायस गं. पण सर तुझ्याशी बोलायचे. माझी चूक झाली तर ते नुसतं तुझ्याकडे बघून म्हणायचे, हिला सांग. सहा महिने हेच. मग मी यायची बंद झाले." मला ते 'हिला सांग' लख्ख आठवलं. तेव्हा मला त्यात मान वाटायचा.

सर वाईट नव्हते. त्यांनी माझ्या फीचे पैसे दोनदा भरले, हेही खरं, आणि ते मी लेखात लिहिलं होतं. दोन्ही नोंदी एकाच माणसाच्या.

तुमच्यातले बरेच जण सध्या गाइड शोधत आहेत. लॅबमध्ये जाता, ज्यांचं सबमिशन झालंय त्यांना विचारता, सर कसे आहेत? ते सांगतात, देवमाणूस. प्रबंधाच्या ऋणनिर्देशाच्या पानावरही तेच असतं. जमलं तर तिसऱ्या वर्षी सोडून गेलेल्याचाही नंबर मिळवा. मिळायला वेळ लागतो, पण मिळतो.

स्मरणिकेची दुसरी आवृत्ती नाताळला निघतेय, फोटो वाढवायचेत म्हणून. मी मैत्रिणीला म्हटलं, तू लिही. ती बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "लिहीन, पण गोड नाही लिहिणार." संपादक काका आधी कुरकुरले, मग माझ्या लेखातून अर्धं पान कापायच्या अटीवर तयार झाले. मी मोज्यांचा परिच्छेद काढून टाकला.